पावसात हायवेवर गाडी ‘तरंगते’ म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळा लागला की लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांनी मुंबई-पुणे एक्सप्रेसवे भरून जातो. रस्ता तोच, गाडीही तीच. बदलते ती टायरची पकड. पहिल्या सरींत तर रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळते आणि रस्ता जास्तच निसरडा होतो.

हायड्रोप्लेनिंग म्हणजे काय?
टायरवरच्या खाचा चाकाखालचं पाणी बाजूला फेकतात. वेग जास्त असेल किंवा टायर झिजलेला असेल, तर पाणी वेळेत बाहेर पडत नाही. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर तयार होतो आणि गाडी त्यावर तरंगते. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, ब्रेकही नीट लागत नाही.

अशा वेळी काय कराल?
अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. जोरात ब्रेक मारू नका, गाडी झटक्यात वळवू नका. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो. पावसात क्रूझ कंट्रोल बंदच ठेवा.

पुढच्या गाडीपासून किती अंतर हवं?
किमान ४ सेकंदांचं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला लागा. ४ सेकंदांच्या आत तुम्हीही तिथे पोहोचलात, तर अंतर कमी आहे. ताशी ८० किमी वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते, म्हणजे ४ सेकंदांत जवळपास ९० मीटर.

हॅझर्ड लाइट लावून गाडी चालवावी का?
नाही. चारही इंडिकेटर लुकलुकत असले की तुम्ही वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा. हॅझर्ड लाइट बंद पडलेल्या किंवा थांबलेल्या गाडीसाठी असतात.

घाटात काय?
उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये उतरवा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.

निघण्याआधी काय तपासाल?
टायरची हवा, वायपर, दिवे आणि टायरच्या खाचा. कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी खोल असावी, असा नियम आहे. पावसात मात्र त्याच्या बऱ्याच आधी टायर बदललेला बरा.

समोरचं दिसेनासं झालं तर कडेला मध्येच थांबू नका. वेग कमी करत पेट्रोल पंप किंवा फूड मॉल गाठा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, तर कुठेही आणीबाणीत ११२ डायल करा.