विजेच्या मोटारीतील खरखर : कारणे, तपास आणि दुरुस्ती

विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिनाचा आवाज नसल्याने, पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत दबून राहणारे अनेक लहानसहान आवाज चालकाच्या कानी पडतात. त्यांतील बरेचसे निरुपद्रवी असतात. मात्र धातूवर धातू घासल्यासारखी खरखर ऐकू येऊ लागली, तर तिचे मूळ शोधणे आवश्यक ठरते. कारण त्यामागे निकामी होत चाललेला ब्रेक किंवा चाकाचे बेअरिंग असू शकते.

आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, वेगाबरोबर वाढतो, वळणावर बदलतो, की गाडी उभी असतानाही चालू राहतो, याची नोंद प्रथम करावी. गाडी गॅरेजमध्ये नेली की नेमका आवाज बंद होतो, हा सार्वत्रिक अनुभव पाहता शेजारी बसलेल्या व्यक्तीने मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवलेले बरे.

पहिला संशय ब्रेकवर घ्यावा. विशेष म्हणजे, या गाड्यांचे ब्रेक अतिवापराने नव्हे, तर न वापरल्याने बिघडतात. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच मोटर जनित्राप्रमाणे काम करू लागते, गाडीचा वेग कमी होतो आणि निर्माण झालेली वीज बॅटरीत परत जाते. परिणामी, चाकाच्या डिस्कवर पॅड घासण्याची वेळ क्वचितच येते. डिस्क ओतीव लोखंडाची असल्याने मुंबई, गोवा, कोची, चेन्नई अशा किनारी भागांत, तेही पावसाळ्यात, एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर हा थर खरवडला जाण्याची असते आणि ती थांबली की काळजीचे कारण उरत नाही. ती दिवसभर टिकली, तर मात्र गंजाने डिस्कवर खड्डे पडले आहेत किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत, असे समजावे. पीन अडकल्यास पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि ते चाक इतर चाकांपेक्षा अधिक तापते. गंजाच्या या त्रासामुळेच फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांच्या मागील चाकांना जुन्या पद्धतीचे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर मागे वाहन नसल्याची खात्री करून, वीज परत मिळवण्याची पातळी सर्वांत कमी ठेवावी आणि मध्यम वेगावरून काही वेळा ठामपणे ब्रेक दाबावा. पॅडची जाडी सुमारे ३ मिलिमीटरवर आली की तो बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबराच्या टोप्या फुगवते.

कच्च्या रस्त्यावरून आल्यानंतर अचानक कर्कश आवाज सुरू झाला, तर डिस्क आणि तिच्यामागील पातळ पत्रा यांच्यात खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवल्यास हे लगेच कळते.

वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर ब्रेक न दाबताही येत असेल, तर चाकाचे बेअरिंग तपासावे. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढल्यास दोष बहुधा उजव्या बाजूचा असतो. मात्र असमान झिजलेला टायरही हुबेहूब असाच आवाज करतो. म्हणून बेअरिंगचा खर्च करण्यापूर्वी टायर मागे-पुढे बदलून पाहावेत. आवाजाने जागा बदलली, तर दोष टायरचा होय.

खरी गुंतागुंत मोटर आणि गिअरच्या बाबतीत आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहण्याची मेकॅनिकांची जुनी युक्ती येथे अपुरी पडते, कारण बहुतेक गाड्यांत क्लच नसतो आणि न्यूट्रलमध्येही मोटर चाकांबरोबर फिरतच राहते; तिच्यावरील भार तेवढा जातो. वेग घेताना आणि वीज परत मिळवताना आवाजाचा पोत बदलत असेल, तर गिअर किंवा मोटरच्या बेअरिंगकडे संशय वळतो. गिअरचे तेल काढल्यावर चुंबकीय बुचावर बारीक राखाडी लगदा आढळणे स्वाभाविक आहे. धातूचे कपचे मात्र झीज दर्शवतात. मोटरच्या बेअरिंगला आणखी एक आजार जडतो. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा विद्युतप्रवाह चालू-बंद करतो, त्यातून दांड्यावर विद्युतदाब साचतो आणि तो बेअरिंगमधील तेलाच्या पातळ थरातून ठिणगीरूपाने निसटतो. कालांतराने तेथे पन्हळी पत्र्यासारख्या रेघा उमटतात. यावर उपाय म्हणून काही उत्पादक सिरॅमिक गोळ्यांचे बेअरिंग वापरतात, तर काही दांड्याला अर्थिंगचा ब्रश लावतात.

गाडी उभी असताना किंवा चार्जिंग चालू असताना येणारी घरघर बहुधा बॅटरी थंड ठेवणारा पंप, पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर यांची असते. तीत खरखर मिसळली तरच गाडी दाखवावी.

ब्रेक, टायर आणि चाकाचे बेअरिंग यांची कामे जाणकार मेकॅनिक करू शकतो. नारिंगी तारांना मात्र कोणीही परस्पर हात लावू नये. त्यांतील विद्युतदाब ४०० व्होल्टच्या आसपास, काही गाड्यांत ८०० व्होल्टपर्यंत असतो आणि वीजपुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो. मोटरमधून मोठा आवाज येत असल्यास गाडी दोरीने ओढून नेऊ नये. चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज निर्माण करते. अशी गाडी चारही चाके उचलून सपाट ट्रकवरूनच न्यावी.