ओवी, काम आणि प्रार्थना

श्रोतेहो, आज आपण पिंगुळीत बसलो आहोत. इथल्या ठाकर कलावंतांना पोथी म्हणजे काय ते सांगायला नको. चित्रांची जुडी मांडायची आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. भक्ती इकडे आणि पोटाचा धंदा तिकडे, असं त्यांनी कधी केलं नाही. हाच प्रश्न ख्रिस्ती लोकांनी कसा सोडवला, ते आपण जवळच्याच गोव्यात बघू.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम घातले. काही वेळ प्रार्थनेला, काही हातच्या कामाला. मठात हे जमतं. घंटा झाली की कुदळ खाली ठेवायची. पण लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याने काय करावं? पुढे 1540 मध्ये जेझुइट संघाला मान्यता मिळाली. त्यांनी एकत्र जमून प्रहराप्रहराला प्रार्थना गाण्याचं बंधनच ठेवलं नाही. माणूस कामाला मोकळा हवा, आणि कामातच देव दिसायला हवा.

या संघातले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत रमले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सक्तीने बंद झाली होती. त्यांनी विचारलं, मग आम्ही वाचायचं काय? प्रश्न रास्त होता, आणि त्यामागे दुःख होतं. उत्तर म्हणून 1616 मध्ये राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, ओव्या जवळजवळ 11 हजार.

ओवीच का? ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी अगदी एक नव्हे, पण कुळी एकच. बायका दळताना ख्रिस्तपुराण म्हणत होत्या, असा आमचा दावा नाही. मात्र कामाच्या लयीत देवाचं नाव घ्यायला इथला कान आधीच तयार होता. जनाबाईने आणि सावता माळ्याने तो तयार केला होता.

1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांत. त्यांवरून 1907 मध्ये मंगळुरात तो पुन्हा छापला गेला. ही नक्कल करणारे हात दिवसा दुसरी कामंही करत असणार. तेव्हा प्रार्थनेला वेळ किती द्यावा, एवढाच हिशेब पुरत नाही. हातात काम असताना तोंडी राहील अशी ती आहे का, हेही बघावं लागतं.