घड्याळाची पाठचिकित्सा

‘किती वाजले?’ या प्रश्नात काळ पाहण्याचा नव्हे, ऐकण्याचा विषय होता ही स्मृती भाषेने जपली आहे. ‘तास’ म्हणजे कालावधी, आणि टोला देण्याची धातूची थाळीही. घटिकापात्रे गेली, थाळ्या गेल्या. टोल्यांच्या यांत्रिक घड्याळाने त्या क्रियापदाचा अर्थ घरात जिवंत ठेवला.

विलायतेत हे घड्याळ शेकोटीवरच्या फळीवर ठेवीत. आमच्या भाईंदरच्या उकाड्यात शेकोटी कुठली! इकडच्या घरांत त्याला फडताळ किंवा कपाटाचा माथा मिळाला. खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारी त्याचा खरा शत्रू म्हणजे खारट, दमट हवा. पोलादी स्प्रिंगा गंजतात, आणि घट्ट झालेल्या तेलात धूळ मिसळली की चाकांच्या आसांखालची पितळी भोके झिजून लांबट होतात. अशा भोकात नवे पितळी बुश बसवणे ही आमच्या मते रास्त पाठदुरुस्ती होय. मात्र आतल्या पट्टीवर पूर्वीच्या कारागिरांनी सुईने कोरलेली नावे, तारखा घासून लख्ख करणे म्हणजे हस्तलिखिताच्या समासातील टिपा पुसणे. यंत्रच काढून बॅटरीचे बसवणाऱ्यांविषयी काय बोलावे? पोथीचे वेष्टन तेवढे राखून आत वर्तमानपत्र गुंडाळावे, तसे ते.

खरी अडचण पुढे येते. दुरुस्त घड्याळ लावायचे कोणत्या वेळेला?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील रेल्वे प्रामुख्याने मद्रासवेळेने चाले. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ रोजी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली आणि ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेल्या मुंबईला आपले काटे ३९ मिनिटे पुढे ढकलणे प्राप्त झाले. त्याच महिन्यात कापडगिरणीतील हजारो कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवले. सूर्य तोच, भोंगा मात्र लवकर. शहरात मुंबईवेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होती. म्हणजे एकाच गावात काळाचे दोन पाठ प्रचलित होते, आणि दोहोंमागे माणसे उभी होती.

जुन्या पद्धतीच्या टोल्यांच्या यंत्रणेला तर ही ढकलाढकल सोसतच नाही. तिच्यातील मोजणीचे चाक आपल्या खाचांच्या क्रमानेच टोले देते. काटे कुठे आहेत, याची त्याला वार्ता नसते. टोले पुरते वाजू न देता काटे घाईने फिरवले, तर तबकडीवर चार आणि कानावर तीन. प्रत्येक टोल्याच्या जागी थांबत, मोजत पुढे जावे लागते.

आज कोणी आजोबांचे असे घड्याळ दुरुस्तीला देत असेल, तर एवढे सांगावे: काढलेला प्रत्येक भाग लहान पिशवीत घालून पेटीतच ठेवा, आणि काय बदलले याची तारखेसह चिठ्ठी सोबत जोडा.