ओसरीवरची शाळा

लातूर-नांदेडकडे फाल्गुन सरला कीं अंगण तापूं लागतें. तेथें उघड्यावर मुलें शिकवावयाचीं तर सावली कोठून आणावी? जुन्या गवंड्यांचें उत्तर माळवद हें होतें. मातींत रचलेली दीड-दोन हात रुंदीची दगडी भिंत, सागवानी खांब व तुळया, वर फळ्या, आणि त्यांवर हातभर माती. ऊन त्या मातींत मुरेपर्यंत संध्याकाळ होई. पुढें ओसरी असे. गांवच्या पंतोजींची शाळा बहुधा अशाच एखाद्या ओसरीवर, नाहींतर देवळाच्या मंडपांत भरे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, किल्लारीस भूकंप झाला. त्याचें माप सुमारें ६.२, म्हणजे जगांतल्या मोठ्या भूकंपांत न मोडणारें. तरी सुमारें १०,००० माणसें गेलीं. भिंतींच्या दगडांनीं आणि छपराच्या मातीनें त्यांना चिरडलें. पण कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता! माझ्या मतें दोष सावलीचा नव्हे, भाराचा. लोक मात्र दगडाला भ्याले आणि पत्र्याखालीं गेले. उन्हाळ्यांत तेथें काय हाल झाले असतील, हें पत्र्याखालीं राहिलेल्यास सांगावयास नको.

शान्तिनिकेतनांत रवीन्द्रनाथांनीं १९०१ पासून झाडांखालीं वर्ग भरविले. आपल्याकडे झाडाच्या जोडीस ओसरी हवी: बाजू मोकळ्या, खांब तुळयांशीं घट्ट जखडलेले, हलक्या छपरावर गवताचा थर, आणि पश्चिमेस कडुनिंब. तो वाढेपर्यंत कडब्याचा मांडव चालेल.