राणीबागेत पुढचा प्राणी कोणता? आधी जुने पिंजरे बघू

राणीबागेत नवीन काहीतरी येणार अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "सिंगापूरला जाऊन बघा, प्राणीसंग्रहालय कसं असतं ते!" दुसरा म्हणतो, "मुक्या जनावरांना कोंडणं बंद करा, टाळं लावा." पहिल्याकडे सहलीचे फोटो असतात, दुसऱ्याकडे कळवळा असतो. दोन्ही खरंच आहे. पण या भांडणात एक गोष्ट राहूनच जाते. प्राणीसंग्रहालयाचा प्रत्येक 'आधुनिक' आराखडा आपापल्या काळात जगात भारी म्हणूनच मिरवला गेला, आणि त्यातले कितीतरी पुढे मोडीत निघाले. ते का मोडले हे कळलं, की नव्या आराखड्याला कोणते प्रश्न विचारायचे तेही कळतं. म्हणून हा लांबलचक प्रपंच.

सुरुवात पुण्यापासून करू. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. त्यातल्या गेंड्याचं १७९० मधलं एक चित्र आजही आहे, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात. काढणारे गंगाराम तांबट, म्हणजे इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटणारे पुण्याचे चित्रकार. गेंडा पुण्यात का होता? दौलतीचा रुबाब दिसावा म्हणून. युरोपातही हेच चाललं होतं. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात १७५२ साली सुरू झालेलं प्राणीसंग्रहालय आजही चालू आहे. तिथे मधोमध एक मंडप आहे. राजघराण्यानं त्यात बसून नाश्ता करावा आणि चहूबाजूंचे प्राणी बसल्या जागी दिसावेत, अशी ती रचना. म्हणजे आराखड्याचं केंद्र ठरलेलं होतं: बघणाऱ्याची खुर्ची.

एकोणिसाव्या शतकात राजाच्या जागी शहर आलं. लंडनचं प्राणीसंग्रहालय १८२८ मध्ये सुरू झालं, आधी फक्त सोसायटीच्या सभासदांसाठी. सर्वसामान्यांना तिकीट काढून आत जायला १८४७ उजाडावं लागलं. आपल्याकडे मद्रासमध्ये एडवर्ड बाल्फोर यांनी १८५५ मध्ये संग्रहालयाच्या आवारात प्राणी ठेवायला सुरुवात केली. कलकत्त्याचं अलिपूर १८७६ मध्ये उघडलं. या काळातला आराखडा म्हणजे पुस्तकाचं कपाट: मांजरवर्गीय एका ओळीत, माकडं एका ओळीत, पक्षी एका ओळीत. जितकी जास्त नावं, तितकं प्राणीसंग्रहालय मोठं.

पण याच अलिपुरात एक वेगळी गोष्ट घडली. तिथले पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल प्राण्यांच्या खाण्यापिण्याच्या, आजारांच्या, पिल्लांच्या नोंदी ठेवत. १८८९ मध्ये अलिपुरात सुमात्रा जातीच्या गेंड्याचं पिल्लू जन्मलं. बंदिवासात या गेंड्याचं पुढचं पिल्लू व्हायला २००१ साल उजाडलं, तेही अमेरिकेत सिनसिनाटीला. मध्ये एकशे बारा वर्षं गेली! सान्यालांनी १८९२ मध्ये प्राण्यांच्या देखभालीवर पुस्तक लिहिलं. त्या काळचे पिंजरे आजच्या नियमात एक दिवस टिकणार नाहीत. नोंदी ठेवायची ती सवय मात्र आजही कुठल्याही चांगल्या प्राणीसंग्रहालयाचा पाया आहे.

आता राणीबाग. एक गोष्ट लक्षात ठेवा: ही मुळात बाग आहे. व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून १८६२ मध्ये लेडी फ्रेअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. १८९० च्या सुमारास आणखी पंधरा एकर जागा जोडली गेली आणि तिथे प्राणी आले. म्हणजे झाडं आधी, प्राणी नंतर. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशी झाडं एका जागी बघायला मुंबईत दुसरं ठिकाण शोधून सापडणार नाही. ही वारसा दर्जाची वनस्पतिबाग आहे, आणि पुढच्या सगळ्या वादांचं मूळ इथेच आहे.

पुढची क्रांती जर्मनीत झाली. कार्ल हागेनबेक हा प्राण्यांचा बडा व्यापारी. १९०७ मध्ये त्यानं हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगनला गज नसलेलं प्राणीसंग्रहालय उघडलं. कोणता प्राणी किती लांब उडी मारतो हे त्यानं आधी तपासलं, त्या हिशेबानं खंदक खणले आणि कृत्रिम खडक उभे केले. समोरून बघणाऱ्याला खंदक दिसत नाही. एकाच माळावर सिंह आणि त्याचं भक्ष्य फिरतंय असं वाटतं. लोक थक्क झाले. आज आपण 'नैसर्गिक अधिवास' म्हणतो त्याची सुरुवात ही. दिल्लीचं प्राणीसंग्रहालय १९५९ मध्ये पुराना किल्ल्याशेजारी सुरू झालं, त्याच्या आराखड्यासाठीही हागेनबेक घराण्यातल्याच माणसाचा सल्ला घेतला होता.

पण हागेनबेकचं दुसरं अंगही सांगायला हवं. याच माणसानं १८७० च्या दशकापासून उत्तर युरोपातले सामी लोक आणि नंतर जगभरची माणसं तिकीट लावून 'प्रदर्शनात' मांडली. गज काढले म्हणजे नजर बदलली असं होत नाही. खंदकानं प्राण्याला थोडी मोकळी जागा दिली हे खरं. पण त्यानं सगळ्यात आधी बघणाऱ्याच्या मनातली टोचणी काढली. आपल्याला गज दिसला नाही की आपल्याला बरं वाटतं. वाघाला किती बरं वाटतं, हा हिशेब वेगळा.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण पेंग्विनचं आहे. थांबा, मुंबईच्या नाही, लंडनच्या. १९३४ मध्ये बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्यांच्या टेक्टन या गटानं तिथे पेंग्विनसाठी एक तलाव बांधला. पांढरंशुभ्र काँक्रीट, एकमेकांत गुंफलेले दोन अधांतरी वळणदार उतार, अभियंता ओव्ह अरुप. वास्तुकलेच्या इतिहासात ती इमारत अजरामर झाली, तिला वारसा इमारतीचा सर्वोच्च दर्जा मिळाला. आणि पेंग्विन? काँक्रीटवर चालून चालून त्यांच्या पायांना जखमा आणि संसर्ग होऊ लागला. २००४ मध्ये त्यांना तिथून हलवलं. इमारत मोडता येत नाही आणि पेंग्विन तिच्यात ठेवता येत नाहीत. सत्तर वर्षांनी असा हा हिशेब झाला.

त्याच लंडननं दुसरं काम मात्र शहाणपणानं केलं. शहरातली जागा छत्तीस एकर, चारी बाजूंनी रीजंट्स पार्क, वाढायला वाव नाही. मग १९३१ मध्ये त्यांनी शहराबाहेर व्हिप्सनेडला सहाशे एकरांवर दुसरी शाखा उघडली आणि २००१ मध्ये हत्ती कायमचे तिकडे पाठवले. शहरातलं प्राणीसंग्रहालय बंद झालं नाही, सिंह-वाघही तिथे आहेत. पण "सगळं एकाच आवारात हवं" हा हट्ट त्यांनी सोडला.

आणि सिंगापूर? तिथलं प्राणीसंग्रहालय १९७३ मध्ये उघडलं. गंमत अशी की त्याची आखणी करायला बोलावलेले तज्ज्ञ होते श्रीलंकेचे लिन डी आल्विस, कोलंबोजवळच्या देहीवाला प्राणीसंग्रहालयाचे. म्हणजे ज्या सिंगापूरचं नाव आपण ऊठसूट घेतो, त्याचा गुरू दक्षिण आशियातलाच. आणि जागा किती? सुमारे अठ्ठावीस हेक्टर, म्हणजे सत्तर एकर. राणीबाग पन्नास एकरांच्या आसपास. फरक निव्वळ क्षेत्रफळाचा नाही. सिंगापूरनं जलाशयाकाठचं जंगल निवडलं आणि पाणी व झाडी यांनाच कुंपण बनवलं. तिथल्या जमिनीला जे झेपतं ते केलं. आपण त्यांच्याकडून प्राण्यांची यादी उचलायला जातो. उचलायची असेल तर ही पद्धत उचलावी.

भारतातही शहाणपणाची उदाहरणं आहेत. मद्रासचं प्राणीसंग्रहालय गर्दीतून उचलून वंडलूरला हजार एकरांहून मोठ्या जागेत नेलं, १९८५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पुण्यातलं पेशवे पार्क १९५३ चं. तिथले प्राणी १९९९ नंतर टप्प्याटप्प्यानं कात्रजला गेले, तलाव धरून सुमारे एकशे तीस एकरांत. पेशवे पार्क हळहळलं, पण मोडलं नाही. फुलराणी तिथेच राहिली. मधल्या काळात कायदाही बदलला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आलं, मान्यता आणि आराखड्याची मंजुरी सक्तीची झाली. २००९ मध्ये याच प्राधिकरणानं प्राणीसंग्रहालयांमधले हत्ती मोठ्या, मोकळ्या जागी हलवा असं सांगितलं. म्हणजे काही प्राण्यांना शहरातली जागा पुरत नाही, हे सरकारी कागदावर मान्य झालं.

राणीबागेत मात्र उलटा प्रवास झाला. विसाव्या शतकातली शेवटची वर्षं कळकट पिंजऱ्यांत गेली, आणि मग एकदम थायलंडच्या डिझाइन कंपनीचा चारशे तेहेतीस कोटींचा आराखडा आला. झाडांचं काय, असं विचारत नागरिक उभे राहिले, वारसा समितीत वाद झाले, आणि शेवटी सुमारे दीडशे कोटींचा छोटा आराखडा पुढे आला. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरमध्ये एक दगावला. मार्च २०१७ मध्ये दालन खुलं झालं. १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवडाभरात गेलं. नंतर मात्र तिथल्या माणसांना पेंग्विन सांभाळणं जमलं, २०२१ पासून पिल्लं जगू लागली. हेही मोकळेपणानं मान्य करायला हवं. हे यश काचेचं नाही, रोज नोंद ठेवणाऱ्या डॉक्टर आणि किपर मंडळींचं आहे. सान्यालांचीच परंपरा.

पण दालन खुलं झालं त्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. मॉलच्या हिशेबात हे काहीच नाही. लालबाग-परळच्या खोलीतून किंवा गोवंडीहून चार पोरं आणि आजी घेऊन येणाऱ्या बाईच्या हिशेबात हे फार आहे. म्हणूनच "टाळं लावा" म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. ताडोब्याची जिप्सी परवडणाऱ्या माणसानं, ज्याला ती कधीच परवडणार नाही त्या मुलाचा मगरीशी, घुबडाशी, अजगराशी होणारा एकमेव सामना बंद करावा, हे मला पटत नाही.

मग पुढचं काय? शेजारच्या गिरणीच्या जमिनीवर विस्तार आणि परदेशी प्राणी आणण्याची चर्चा अधूनमधून होते. माझं म्हणणं साधं आहे: महाराष्ट्रातली प्राणीसंग्रहालयं एकमेकांशी स्पर्धा करणारी दुकानं नाहीत, त्यांनी कामं वाटून घ्यावीत. नागपूरला गोरेवाड्याचं जंगल आहे, २०२१ पासून तिथे सफारी आहे; मोठ्या मांजरांना आणि कळपांना तिथे जागा द्या. मुंबईतच बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानात वाघ-सिंहांची सफारी आहे. कात्रजला तलाव आहे आणि सापांच्या कामाची जुनी परंपरा आहे. राणीबागेकडे मुंबईतली सर्वात श्रीमंत झाडं आहेत. तिथे पक्षी, सरपटणारे प्राणी, छोटे सस्तन प्राणी, फुलपाखरं आणि सह्याद्रीतले दुर्लक्षित जीव दाखवा. खवल्या मांजर, उदमांजर, घोरपड यांची नावं मुंबईच्या किती मुलांना माहीत आहेत? झाडांच्या सावलीत हे प्राणी सुखानं राहतील आणि त्यासाठी एकही जुनं झाड तोडावं लागणार नाही.

"पण गर्दी वाघालाच होते," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. गर्दी पेशव्यांच्या गेंड्यालाही झाली असती. महापालिकेचं काम गर्दीच्या मागे धावणं नाही, गर्दीला काय दाखवायचं ते ठरवणं आहे.

पुढचा आराखडा जाहीर होईल तेव्हा संगणकावर काढलेली सुंदर चित्रं येतील. झुळझुळ धबधबा, काचेपलीकडे चित्ता, अलीकडे हसणारं कुटुंब. त्या चित्रांना लाइक करण्याआधी चार प्रश्न विचारू या. प्राणी दिवसातले उरलेले तास जिथे काढणार ती मागची खोली केवढी आहे? किती डॉक्टर, किती किपर, आणि ते कायम की कंत्राटी? दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे कुठून येणार? आणि तिकीट किती? उत्तरं आराखड्यातच छापलेली हवीत, मराठीत, महापालिकेच्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात. पैसा आपला आहे, झाडं आपली आहेत, आणि आत राहणाऱ्याला विचारायची सोय नाही. त्याच्या वतीनं विचारायचं काम आपल्यालाच करावं लागणार.