‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’

आजच्या विषयाची सुरुवात घराघरात ऐकू येणाऱ्या एका वाक्यापासून करू. घरातली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी म्हणते, “महिनाभर झोप नाही, कशातच लक्ष लागत नाही. मला डॉक्टरांना दाखवायचंय.” आई-वडील एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं. थोडं मन रमव, होईल ठीक.”

बोलण्याच्या ओघात आलेलं वाक्य आहे हे. पण नीट ऐकलं तर तो इतिहासाबद्दलचा दावा आहे. आणि दावा इतिहासाचा म्हटल्यावर तो तपासून पाहणं आपलं कामच झालं. तर बघू या, ‘त्यांच्या वेळी’ नेमकं काय होतं.

त्यांच्या वेळी ठाणं होतं, येरवडा होतं, नागपूर आणि रत्नागिरी होतं. ही आपल्या राज्यातली चार सरकारी मनोरुग्णालयं इंग्रजी अमदानीतली. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘वेड्यांची इस्पितळं’. कोणी जरा वेगळं वागलं की “ह्याला ठाण्याला पाठवा”, पुण्याकडे “येरवड्याला पाठवा”. गावाचं नाव घेतलं तरी पुरे, पुढचं सांगावं लागत नसे. म्हणजे आजार होता, त्याची भीतीही होती. नव्हतं ते त्याबद्दलचं साधं बोलणं.

आता कायदा बघा. १८५८ साली इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. पुढे १९१२चा ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’ आला. त्यात माणसाला दाखल करायचं तर नातेवाइकांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, दोन वैद्यकीय दाखले जोडायचे, मग हुकूम निघायचा. दुखणं मनाचं, पण रस्ता कचेरीचा! स्वतःहून येणाऱ्यासाठीही एक फट ठेवली होती, नाही असं नाही. पण त्यालाही इस्पितळाच्या दोन अधिकृत अभ्यागतांची संमती लागे. जागा तरी किती? १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार साऱ्या देशात मनोरुग्णालयांतल्या खाटा होत्या जेमतेम दहा हजार.

इथे एक तारीख ध्यानात ठेवा. १९१२चा हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला. नवा कायदा संसदेने १९८७ साली केला आणि तो अमलात आला १९९३ साली. म्हणजे ज्या आई-वडिलांचा जन्म १९७०च्या आसपासचा आहे, ते वीस-बावीस वर्षांचे होते तेव्हा देशात कायदा १९१२चाच होता. त्यांच्या मनात मानसोपचार म्हटलं की उंच भिंत, शिक्का आणि मोडलेलं लग्न उभं राहतं. ह्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. ही एका खऱ्या व्यवस्थेची आठवण आहे. फक्त ती व्यवस्था मागे पडली आणि आठवण तिथेच राहिली.

पण ह्याच काळात दुसरी एक वाटही तयार होत होती, तीही आपल्या मुंबईत. १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेत, म्हणजे आजच्या ‘टिस’मध्ये, मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी मानसोपचाराचा विभाग सुरू केला. साध्या इस्पितळात, ताप-खोकल्याच्या रांगेशेजारी मनाचा डॉक्टर! केस पेपर काढा, दाखवा आणि घरी जा. आज आपली तरुण मुलं जो उपचार मागतात, तो बहुतेक वेळा ह्या वाटेवरचा असतो. ठाण्याच्या भिंतीशी त्याचा संबंध नसतो.

आणखी एक उदाहरण अमृतसरचं. १९५०च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांनाच आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. घरच्यांनी उपचार डोळ्यांनी पाहिले, प्रश्न विचारले, आपलं माणूस सुधारताना बघितलं. त्यांची भीती भाषणांनी गेली नाही, बघून गेली. आपल्या देशात कुटुंबाला सोबत घेऊन उपचार करण्याची जी परंपरा आहे, तिच्यात ह्या तंबूंचं स्थान मोठं आहे.

आता आजचा कायदा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. तो २०१८पासून लागू आहे. ह्या कायद्याने उपचार मिळणं हा हक्क ठरवला. माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं. अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःहून डॉक्टरांकडे जाऊ शकते, मॅजिस्ट्रेटचा प्रश्नच येत नाही. अठराच्या आतल्यांसाठी मात्र पालकच कायद्याने प्रतिनिधी असतात. खरी कोंडी तिथे आहे. सोळा वर्षांच्या मुलाला मदत हवी असते आणि दाराची किल्ली शंका घेणाऱ्या हातात असते.

मग करायचं काय? इतिहास सांगतो, वाद घालू नका, दार दाखवा. “मला वेडी ठरवू नका” म्हणण्यापेक्षा “एकदा माझ्याबरोबर ओपीडीत चला, डॉक्टरांना तुमचेच प्रश्न विचारा” असं म्हणून बघा. घरच्यांचं मन वळत नसेल तर नेहमीचे फॅमिली डॉक्टर, एखादी मावशी, शाळा-कॉलेजातल्या बाई किंवा सर, ह्यांच्यापैकी कोणाला तरी मध्ये घ्या. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर घरच्यांचं मत बदलण्याची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

आणि इथे बसलेल्या पालकांनाही एक विनंती. तुमच्या वेळी हे होतं. तुमच्याही वर्गात एखादा मुलगा अचानक यायचा बंद झाला असेल, वाड्यातली एखादी काकू वर्षानुवर्षं खोलीबाहेर आली नसेल. त्यांना कोणी विचारलं नाही, कारण विचारायला जागा नव्हती. तुमचं मूल आज तुम्हालाच विचारतंय. त्याला ‘हो, चल’ म्हणा.