चाळीस प्रश्नांमागचा इतिहास



परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मार्च महिन्याचे ऊन, बाकावर चिकटवलेला आसनक्रमांक, आणि शाळेच्या फाटकापाशी शेवटच्या घंटेपर्यंत वही चाळणारी मुले. आज मी तुम्हांला एका निराळ्या परीक्षेची हकीकत सांगणार आहे. ती अमेरिकेत होते. हौसेखातर लहान विमान चालवू इच्छिणाऱ्याला ती द्यावी लागते. तिकडे अशा माणसाला ‘स्पोर्ट पायलट’ म्हणतात. आपण त्याला हौशी वैमानिक म्हणू. प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा वेगळी. तिच्या आधी ही लेखी परीक्षा. प्रश्न चाळीस, वेळ दोन तास. प्रत्येक प्रश्नाखाली तीन उत्तरे छापलेली असतात, त्यांतले बरोबर ते निवडायचे. शंभरात सत्तर, म्हणजे चाळिसांपैकी अठ्ठावीस उत्तरे बरोबर आली की उमेदवार पास.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तो त्या प्रश्नपत्रिकेतच आहे. तिच्यातल्या कितीतरी प्रश्नांच्या मागे एकेक घटना उभी आहे, आणि त्या घटनेत कोणीतरी प्राण गमावलेले आहेत.

आरंभी अशी परीक्षाच नव्हती. राइट बंधूंचे विमान १९०३ साली उडाले. पुढे काही वर्षांनी हवाई मंडळे परवाने देऊ लागली, तेव्हा त्यांची कसोटी सारी हातची होती. विमान आकाशात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवून दाखवा, ठरलेल्या उंचीवर न्या, आणि खूण केलेल्या जागेच्या जवळ उतरवा. झाले! शिवाय अमेरिकेत हा परवाना कायद्याने सक्तीचाही नव्हता. पहिले महायुद्ध संपल्यावर लष्कराची जादा विमाने स्वस्तात विकायला निघाली. आपल्याकडे जत्रेत ‘मौत का कुआँ’वाला जसा गावोगाव फिरतो, तसे हे वैमानिक गावोगाव हिंडून, कोणाच्या तरी शेतात विमान उतरवून, कसरती दाखवून पैसे मिळवीत.

अशा कसरती करणाऱ्यांत बेसी कोलमन नावाची एक तरुणी होती. टेक्सास प्रांतात १८९२ साली एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात तिचा जन्म झाला. लहानपणी तिने कापूस वेचला. शिकागोत येऊन गिऱ्हाइकांची नखे साफ करण्याचे काम केले. विमान शिकावे असे तिच्या मनाने घेतले; पण ती काळी, आणि त्यात बाई! अमेरिकेतल्या विमानशाळांनी तिला दारात उभे केले नाही. तेव्हा ही बाई फ्रेंच भाषा शिकली, फ्रान्सला गेली, आणि १५ जून १९२१ रोजी मिळालेला परवाना घेऊन परत आली. पाच वर्षांनी, ३० एप्रिल १९२६ रोजी, फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे तिचा यंत्रज्ञ विमान चालवत होता आणि ती मागे बसून खालची जमीन न्याहाळत होती. वाकून बघता यावे म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमानाने एकाएकी सूर मारला आणि ते उलटे झाले. ती बाहेर फेकली गेली. यंत्रज्ञही वाचला नाही. पुढे तपासात काय दिसले? विमानाच्या नियंत्रणाच्या दातेरी चाकांत एक पाना अडकून बसला होता. कोणाच्या तरी हातून आत राहिलेला एक साधा पाना!

आज त्या लेखी परीक्षेत विचारतात : उड्डाणापूर्वी विमान सुस्थितीत आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? प्रवाशांना पट्ट्याविषयी कोणी सांगायचे? दोन्हींचे उत्तर एकच : विमान चालवणाऱ्याची, चालवणाऱ्याने. उत्तर अगदी सोपे वाटते. पण बेसी कोलमनची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी ते कधी विसरेल का?

तिच्या मृत्यूनंतर वीस दिवसांनी, २० मे १९२६ रोजी, अमेरिकेत हवाई वाहतुकीचा कायदा झाला. तो आधीपासून घाटत होता, तेव्हा या एका अपघातामुळे तो झाला असे म्हणता येणार नाही. परंतु बेबंद उडण्याचे दिवस त्याने संपवले. परवाना आला, आणि नियम व विद्या माहीत आहेत की नाहीत हे तपासणेही आले. पहिला परवाना ६ एप्रिल १९२७ रोजी त्या खात्याचे प्रमुख विल्यम मॅक्रॅकन यांना मिळाला. त्यांनी तो मान आधी ऑर्व्हिल राइट यांना देऊ केला होता. त्यांनी तो घेतला नाही. आपल्याकडे मुंबईत जुहूच्या मैदानावर शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना भारतातला पहिला परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांनी.

आता आणखी काही प्रश्न पाहू. विमानाचा पंख आधार केव्हा सोडतो? नवखा विद्यार्थी म्हणतो, वेग फार कमी झाला की. बरोबर उत्तर असे की, पंख समोरून येणाऱ्या हवेला एका मर्यादेबाहेर तिरपा झाला की. वेग कितीही असो, ती मर्यादा ओलांडली की हवा पंखाच्या पाठीवरून नीट वाहत नाही आणि विमान खाली येते. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल यांनी पंख बांधून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा झेपा घेतल्या होत्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्यांच्या पंखांचे तोंड वर उचलले, आधार सुटला, आणि सुमारे पंधरा मीटरांवरून ते कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला.

दुसरा प्रश्न ढगांचा. हौशी वैमानिकाने ढगाच्या खाली असेल तर ५०० फूट, वर असेल तर १,००० फूट आणि बाजूला २,००० फूट अंतर राखावे, आणि समोरचे निदान तीन मैल दिसत असावे, असा साधारण नियम आहे. एवढी भीती कशाची? मुलींची फुगडी आठवा. फुगडी थांबते, पण डोके फिरतच राहते. कानाच्या आतला द्रव आपल्याला फसवतो. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि वैमानिकाचे असेच होते. विमान एका बाजूला कलून खाली चाललेले असते, आणि त्याला वाटते की आपण सरळ जात आहोत. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने याचा प्रयोग केला. केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेले वीस जण घेतले, आणि बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांच्या हाती विमान दिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ किती लागला? १७८ सेकंद. पुरती तीन मिनिटेही नाहीत!

तिसरा प्रश्न आकाशाच्या हद्दींचा. आकाशालाही बांध असतात, बरे का! मोठ्या विमानतळांभोवतीच्या हद्दीत परवानगीवाचून शिरता येत नाही. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी, स्वच्छ हवेत, लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर एक लहान खाजगी विमान अशा हद्दीत परवानगी न घेता शिरले आणि एका प्रवासी विमानावर आदळले. लहान विमान किती उंचीवर आहे हे जमिनीवरच्या पडद्यावर दिसत नव्हते, कारण उंची कळवणारे यंत्र त्यात नव्हते. दोन्ही विमानांतले सारे आणि खालच्या घरांतले १५ जण, मिळून ८२ माणसे गेली. त्यानंतर मोठ्या विमानतळांच्या परिसरात असे यंत्र सक्तीचे झाले. आज विद्यार्थ्यापुढे नकाशा ठेवून विचारतात : या निळ्या रेघेच्या आत जाण्यापूर्वी काय करशील?

हौशी वैमानिकाची ही परीक्षा मात्र अलीकडची आहे. १९७० नंतरच्या दशकात लोक पतंगासारख्या पंखांना लहान इंजिने बांधून उडू लागले. १९८२ च्या नियमाने एकाच माणसाच्या, २५४ पौंडांपेक्षा हलक्या यानाला परवान्यातून मोकळीक दिली. यानाबरोबर एकट्या चालकाचाच जीव, असा त्यामागचा विचार. पण शेजारी दुसरा माणूस बसला, की गोष्ट बदलते. म्हणून २००४ साली हा नवा परवाना निघाला. तेव्हा विमान दोन आसनांचे, वजन सुमारे ६०० किलोपर्यंत. विमानाचे शिक्षण किमान वीस तासांचे. आणि मोटारीचा परवाना असला की वेगळी वैद्यकीय तपासणी सहसा लागत नाही. २०२५ साली वजनाची ती मर्यादाही काढून टाकण्यात आली. सवलती वाढल्या, पण लेखी परीक्षा राहिली.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता खास तुमच्यासाठी. या परीक्षेची तयारी कशी होते? आपल्या अपेक्षित प्रश्नसंचांसारखी पुस्तके तिकडेही आहेत. एके काळी तर सरकारी खातेच सारे प्रश्न छापून प्रसिद्ध करी, आणि मुले उत्तरे घोकून जात. ‘अमुक प्रश्न, उत्तर तिसरे’, एवढेच पाठ! पुढे खात्याने ते बंद केले. आता फक्त नमुन्याचे प्रश्न मिळतात. पण घोकंपट्टीवरचा खरा उपाय दुसरीकडेच आहे.

एक म्हणजे, विद्यार्थ्याला आपण होऊन परीक्षेला बसता येत नाही. ‘याची तयारी झाली आहे’ अशी शिक्षकाची सही लागते. आणि दुसरे असे की, निकालाच्या कागदावर नुसते गुण नसतात. कोणत्या विषयातली उत्तरे चुकली त्यांचे क्रमांक असतात. समजा, बारा चुकली. मुलगा पास झाला. पण त्या बारा चुका त्याची पाठ सोडत नाहीत. शिक्षकाने ते विषय पुन्हा शिकवायचे, शिकवले म्हणून पुन्हा सही करायची. आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षेत परीक्षक समोर बसवून नेमके तेच विषय तोंडी विचारतो. ढगांच्या अंतराचा प्रश्न चुकवून कोणी गुपचूप ढगाजवळ जाऊ नये, यासाठी ही व्यवस्था.

आपल्याकडे पस्तीस गुण मिळाले की पेढे वाटतात, आणि उरलेल्या पासष्टांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. तो कागद रद्दीत जातो. विमानाची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. पण शेतात औषध फवारणाऱ्याला मात्रा माहीत नसली, विजेच्या खांबावर चढणाऱ्याला प्रवाह समजला नसला, सुईणीला स्वच्छतेचे कारण ठाऊक नसले, तर तिथेही जीवच जातो. असा एखादा धडा वर्गात शिकवाल तेव्हा मुलांना एवढे जरूर विचारा : हा नियम कोणी केला, आणि त्याच्या आधी काय घडले होते? आणि परीक्षा झाल्यावर चुकलेली उत्तरे घेऊन एक तास पुन्हा बसा. त्या एका तासाला खर्च काही लागत नाही.